नन्नाकाका

माझा धाकटा भाऊ, बारक्या, स्टेजवर चढला तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलर मागून दुमडलेली होती. पहिल्या रांगेतून हातानं खुणा करून करून मी दमले. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. त्यानं उलट मलाच अंगठा दाखवला. म्हटलं, मर तसाच.

आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चेन, हँडल, चाकं, अस्तर. आईनं ते दोघांच्या नावावर केलं, पण पाटीवर बारक्याला स्वतःचं एकट्याचं नाव हवं होतं, तेही मी घालू दिलं. लहानपणी खिडकीजवळची जागा दिली, मोठी उशी दिली, मग पाटीचं ते काय एवढं! शिलाई मशीन माझ्याकडे, गिऱ्हाईक आणि चाकं त्याच्याकडे.

दुपारी काम मंदावलं की बारक्या फोनवर मोठमोठ्या उद्योजकांची भाषणं लावायचा. आमचा एक नियम होता. भाषण संपलं की दोघांनी एकेक गोष्ट सांगायची, आणि ती आपल्या दुकानात लगेच करता आली पाहिजे. ‘मोठी स्वप्नं बघा’ असलं काही चालायचं नाही. बारक्याची गाडी नेहमी पाटीवर यायची. पाटीला दिवे लावू, पाटीचा रंग बदलू.

मला त्या भाषणांत वेगळीच गंमत दिसायची. प्रत्येकात एक नाही म्हणणारा असतोच. कधी वडील, कधी मास्तर, कधी बँकेतला साहेब. येतो, नन्नाचा पाढा वाचतो आणि भाषणातून गायब होतो. आम्ही त्याचं नाव ठेवलं नन्नाकाका. भाषण रंगात आलं की मी मशीन थांबवून ओरडायचे, “आले बघ नन्नाकाका!” बारक्या हसून हसून स्टुलावरून पडायचा.

मग चौकात नव्या बॅगांचं चकाचक दुकान उघडलं आणि आमच्याकडे कुणी फिरकेना. त्याच दिवसांत एका भाषणात कुणीतरी सांगितलं, माल विकू नका, भरवसा विका. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बॅगेला चेन बसवून झाली की ती गिऱ्हाइकासमोर जुन्या रजयांनी ठासून भरायची. मग त्यालाच म्हणायचं, बसा वर आणि ओढा चेन. प्रवासाला निघताना जे करणार, ते इथंच करून बघा.

“लोक हसतील, ताई,” बारक्या म्हणाला.

“हसू देत की. हसून जाणारा घरी जाऊन सांगतो तरी.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर आले तर हा पायरीवर बसून रडतोय. हातात शटरची किल्ली. “बंद करू या ताई. मी कुठंतरी नोकरी बघतो.” मी त्याला आत नेलं, चहा केला. घाईत साखर दोनदा पडली. तो गोडमिट्ट चहा त्यानं निमूट प्यायला आणि मी रजया आणायला घरी गेले.

बॅगेवर पहिल्यांदा बसल्या एक धिप्पाड मुख्याध्यापिका. चेन सरसर बंद झाली आणि बाईंनी बसल्या बसल्याच टाळ्या वाजवल्या. मग लोक व्हिडिओ काढायला लागले. घरातलं सगळ्यात वजनदार माणूस सोबत आणायला लागले. शेवटी बॅगांच्या एका बड्या कंपनीचे मालक स्वतः येऊन बसून गेले. त्यांना आपल्या प्रत्येक दुकानात आमचा दुरुस्ती विभाग हवा होता. “माणसं मी देतो, शिकवायचं ताईंनी,” असं म्हणाले. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ओळीनं मांडलेली मशीनं, आणि गळ्यात टेप अडकवून त्यांच्यामधून फिरणारी मी. एवढंच मला हवं होतं.

मालकांनी त्यांच्या मेळाव्यात बारक्याला भाषण द्यायला सांगितलं. भाषणानंतर आम्ही दोघांनी स्टेजवर होकार द्यायचा आणि घोषणा व्हायची. सराव मीच करून घेतला. “सगळं छान आहे,” मी म्हटलं, “पण नन्नाकाका कुठेत? त्यांच्याशिवाय टाळ्या पडत नाहीत.”

“बघतो,” बारक्या म्हणाला.

मला वाटलं, मामाला घेईल. आई गेल्यापासून मामा दुकान विकून टाका म्हणून मागे लागला होता. त्याची चांगली जिरली असती.

तर बारक्यानं सुरुवात झकास केली. “दुकान बुडत होतं. तेव्हा मला एक कल्पना सुचली.” मला? असू दे, घाबरलाय, जीभ घसरली असेल. “पण घरातूनच विरोध झाला.” मी सरसावून बसले. आला मामा!

“माझी ताई,” बारक्या म्हणाला. “ती म्हणाली, लोक हसतील.”

सभागृह हसलं. मीही हसले, कारण मला अजून कळलंच नव्हतं.

“दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसून रडत होती. हातात शटरची किल्ली. बंद करू या म्हणाली. मी तिला आत नेलं, चहा केला. घाईत साखर दोनदा पडली.”

साखरसुद्धा सोडली नाही मेल्यानं! स्वतःचं रडणं माझ्या डोळ्यांत घातलं आणि माझा चहा स्वतःच्या नावावर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी माझा हात थोपटला. “होतं हो असं. आपण घाबरतोच.” मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

बारक्या मला वर न्यायला खाली आला. पायऱ्या चढताना कानाशी लागला. “रागावू नकोस ना ताई. गोष्टीत लागतंच कुणीतरी, तूच म्हणालीस. मामाला घेतलं असतं तर तो आयुष्यभर बोलला नसता. तू काय, आपलीच आहेस.”

म्हणजे यानं दोघांना तोलून बघितलं होतं. मामाचा राग परवडणारा नव्हता. माझा चालणार होता.

वर मालकांनी बारक्याच्या खांद्यावर हात टाकला. “असा धीराचा माणूस शिकवायला हवा! आता सगळं हाच बघेल. ताईंना आराम.” मी बारक्याकडे बघितलं. आता तरी बोलेल, शिकवणार ताईच असं म्हणेल. तो बुटांकडे बघत राहिला.

सूत्रसंचालक बाईंनी माईक माझ्यापुढे धरला. “तेव्हा तर तुम्ही नाही म्हणाला होतात. आज काय म्हणाल, ताई?”

माझा हात आपोआप बारक्याच्या मानेकडे गेला. कॉलर सरळ केली. त्याचा जीव भांड्यात पडला, चेहऱ्यावरच दिसलं ते.

“नाही,” मी म्हटलं.

लोक खदखदून हसले. मालकही हसले. हसू ओसरेपर्यंत मी थांबले आणि पुन्हा म्हटलं, “नाही.” या वेळी कुणी हसलं नाही.

“ताई,” बारक्या पुटपुटला, “काय करतेयस?”

“आजवर याला मी कधीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं,” मी माईकमध्ये सांगितलं. “हे पहिलं.”