बिऱ्हाड चंद्रावर, नाव भावाचं

मित्रांनो, मी मोबाईल आहे आणि जुना आहे. उजवा कोपरा फुटलाय, पाठीला रबरबँड आहे, वायर एका बाजूनं दाबून धरली तरच चार्ज होतो. दया नका करू. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना माझं अंग अजून तापतं. बॅटरी म्हातारी झाली म्हणून तापतो, असं घरातला थोरला सार्थक म्हणतो. म्हणू दे.

माझा जन्म कारखान्यात झाला. टोप्या घातलेल्या मुलींच्या रांगेनं मला जोडलं. त्यांच्यातल्या एकीचंही नाव माझ्या अंगावर नाही, कंपनीचं मात्र ठळक आहे. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. खोक्यात बसून मी मंचरच्या दुकानात आलो. शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर चालायचा. पेठजवळच्या वस्तीवरचे सोमाजी दोन्ही पोरांना घेऊन दुकानात आले. थोडी शेती, थोडी मेंढरं, असा त्यांचा प्रपंच. मोठा सार्थक, धाकटी दिशा.

"मालक, आत नाव कुणाचं टाकू?" दुकानदारानं विचारलं.

"सार्थकचं टाका."

"पोरगी बी वापरणार ना?"

"अवो, पोरीचं नाव उद्या लग्नात बदलायचंय. डबल काम कशाला?"

दुकानदार हसला. दिशाही हसली. लहान होती ती.

सुरुवातीचे दिवस माझ्या थाटाचे. सकाळी धडे, दुपारी सार्थकचा गेम, मधेच मेंढरांच्या व्यापाऱ्याचा फोन. सोमाजी येणाऱ्याजाणाऱ्याला मला काढून दाखवायचे. "लई गुणाचा हाय," म्हणायचे. मग सार्थक कॉलेजला गेला, त्याला नवा मोबाईल आला आणि मी लोकर कातरायच्या कात्रीशेजारी टोपलीत जाऊन पडलो. गुण एका दिवसात संपले. दिशानं मला उचललं, सुईनं माझ्या चार्जिंगच्या भोकातली माती काढली आणि मी पुन्हा बोलू लागलो.

दिशा दहावीला गेली तेव्हा श्रेया मॅडमनी, म्हणजे तिच्या विज्ञानाच्या बाईंनी, तिला एका अभ्यासक्रमाची लिंक पाठवली. अंतराळाचा अभ्यास, सगळा ऑनलाइन, देशोदेशीची मुलं एकत्र. दर शनिवारी, रविवारी संध्याकाळी दिशा मला घेऊन मेंढरांच्या जाळीमागच्या उंचवट्यावर बसायची, कारण रेंज तिथंच. शास्त्रज्ञ बोलत असायचे आणि मागून कोकरं ओरडायची. पहिल्यांदा केनियाच्या मुलीनं विचारलं, हा कसला आवाज? दिशानं मला उलटा फिरवला. पडद्यावरची सगळी मुलं मेंढरांना हात करू लागली. मित्रांनो, माझ्या एवढ्याशा काचेत एवढं जग मावेल, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

प्रत्येक गटाला एकच काम होतं. चंद्राच्या टोकाकडं, ध्रुवाजवळ, काही जागी ऊन असतं, काही जागी काळोख, आणि ऊन सरकत जातं. तिथं माणसानं राहायचं कसं? बाकीच्या मुलांनी घुमट काढले, भिंती काढल्या. दिशा बापाकडं गेली.

"आप्पा, तुमी लहानपणी मेंढरं घिऊन कोकणात जायचा तवा घर कसं न्यायचा?"

सोमाजी खुलले. "घोड्यावर! खाली दाणे, वर भांडी, सगळ्यात वर पालाचा तंबू. मुक्कामाला पोचल्यावर पाल आधी लागतं, म्हणून ते शेवटी चढवायचं. गवत सपलं की उठायचं. घर आपल्यामागनं येतं, आपण घरामागनं न्हाय जायचं."

"मंग ऊन म्हंजे गवत," दिशा म्हणाली.

"आँ?"

"काय न्हाय, आप्पा. तुमी सांगा पुढं."

तिनं चंद्रावरचं चाकावरचं घर काढलं. उन्हामागं चालणारं, मुक्काम करणारं, उठणारं. काय आधी उतरवायचं, काय शेवटी, सगळं आप्पांच्या घोड्यावरून. नाव ठेवलं 'बिऱ्हाड'. परदेशी मुलांची जीभ वळेना. एक बिराड म्हणायचा, एक बिर्‍याड, केनियाची मुलगी तर बिर्याणीच्या जवळ गेली. हसून हसून दिशाच्या हातातून मी पडलो. हा कोपरा तेव्हाच फुटला. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दिशा बोलायची, तिचा चेहरा माझ्या काचेवर, आणि चेहऱ्याखाली दुकानात टाकलेलं नाव 'सार्थक'. तिकडच्या शिकवणाऱ्या बाई तिला सार्थक म्हणायच्या, मुलंही तेच. दिशानं श्रेया मॅडमना विचारलं.

"अगं, नोंदणी त्याच नावानं झालीय. आता बदललं तर आत घ्यायचे नाहीत. राहू दे."

मॅडमनी कुणाला विचारून नाही सांगितलं. अंदाजानं सांगितलं. आपल्याकडं पोरीचं अर्धं आयुष्य अशाच कुणाच्या तरी अंदाजावर ठरतं.

आणि दिशाच्या गटाची निवड झाली! सगळ्या देशांसमोर बिऱ्हाड मांडायचं, आणि मांडायचं तिनंच. निरोप माझ्यावर आला, भारताच्या सार्थकचं अभिनंदन असा. मॅडमनी आनंदाच्या भरात तो जसाच्या तसा गावाच्या ग्रुपवर टाकला.

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. दिशा सायकलवरून पेठच्या हायवेला आली आणि ब्रेक न लावता पाय घासत थांबली. तिनं मला वर धरलं. समोर बसच्या उंचीचा फ्लेक्स. अंतराळवीराचा पांढरा पोशाख, त्यावर गॉगल घातलेलं सार्थकचं तोंड, मागं चंद्र. 'गावचे भूषण सार्थक यांचे हार्दिक अभिनंदन.' वर कोपऱ्यात हात जोडलेले गावचे पुढारी बाळासाहेब, कारण त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. आणि खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, शेवटून दुसरा, टिकलीएवढा फोटो. दिशाचा.

तिच्याच कामाची ती शुभेच्छुक!

मी फोटो काढायचं विसरलो. खरंच सांगतो, तिचं बोट दाबलेलं होतं आणि मी नुसता अडकून राहिलो. दिशा रडली नाही. फ्लेक्सकडं बघत राहिली, जशी एखाद्या परक्या गावाची पाटी वाचावी.

घरी सार्थकच आधी ओरडला. "म्या न्हाय सांगितलं कुणाला! मित्र मला नासावाला नासावाला करत्यात. लाज वाटती राव."

सोमाजी म्हणाले, "आता छापलाय त्यांनी. घरातच हाय ना नाव? भाऊच हाय तुझा, परका हाय का?"

आई, तानूबाई, भाकरी थापत होत्या. त्या थापायच्या थांबल्या.

तेवढ्यात बाळासाहेब आलेच. काम दिशाचं आहे, हे त्यांना कळलं होतं. "रविवारी समाजमंदिरात पडदा लावतोय. पाव्हणे बोलावलेत. सार्थकला पुढं बसवा, कोट घालून. दिशा बाजूला बसून बोलंल. यानं नुसते ओठ हलवायचे."

"अन् कुणी काय इचारलं तर?" सार्थक.

"रेंज गेली म्हणायचं. सगळं जग म्हणतंय."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जे शिकवाल ते मी दाखवतो. पण खोटं बोलायचं असलं की माणसं आमच्या रेंजवर ढकलतात, हे ऐकून मी गार पडलो.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिर भरलं. मला खुर्चीसमोर स्टुलावर ठेवलं आणि वायरनं मोठ्या पडद्याला जोडलं. खुर्चीत कोट घातलेला सार्थक, घामानं भिजलेला. दिशा खाली सतरंजीवर, पडद्यावर दिसणार नाही अशी. तिच्या हातात कागद होता. आता गप्प राहिली तर बिऱ्हाड कायमचं भावाचं. बोलली तर, मॅडमच्या अंदाजानं, सगळंच बाहेर.

"बाळासाहेब," दिशा उठून म्हणाली, "मी माझ्या नावानं बोलणार."

हशा झाला. बाळासाहेब गोड आवाजात म्हणाले, "नावात काय ठिवलंय बाळा? घरातल्या घरात."

तेव्हा बायकांच्या रांगेतून तानूबाई उभ्या राहिल्या. पदर सावरलेला, आवाज मात्र मोकळा.

"भाऊ, माझं नाव काय वो?"

"आता हे काय, वहिनी? तानूबाई."

"ते लग्नातलं. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिव्हलं ते. त्याच्या आधीचं?"

तानूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी सांगा. तुमच्याच हातात अंगठी व्हती."

सोमाजींनी दिशाकडं पाहिलं, सार्थककडं पाहिलं. दोघांना ठाऊक नव्हतं. भरल्या सभेत एका बाईचं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, पोरांना ठाऊक नव्हतं, आणि हे आजवर कुणाला खटकलंही नव्हतं! माझ्या पोटात हजार माणसांची नावं आणि नंबर आहेत. तिचा नंबर मी 'आई' म्हणून ठेवलाय.

"भागू," त्या म्हणाल्या. "भागू व्हतं माझं नाव."

सार्थक खुर्चीतून उठला. कोट काढला. "बस, दिशे."

दिशा बसली. तिनं माझ्यावर बोट ठेवलं, नावावर दाबून धरलं, पुसलं आणि लिहिलं. मोठ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. सगळं समाजमंदिर त्या चक्राकडं बघत होतं. फिरलं, फिरलं, आणि पडदा पुन्हा उजळला. चेहऱ्याखाली 'दिशा'.

कुणीही तिला बाहेर काढलं नाही. तिकडच्या बाईंनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, तुझं नाव दिशा आहे? मग त्या म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस?

मित्रांनो, एवढंच होतं ते. इतकं सोपं होतं, आणि इतकी वर्षं कुणी बोट लावलं नव्हतं. दिशा बिऱ्हाडावर बोलली, शेवटपर्यंत बोलली, आणि रेंज एकदाही गेली नाही. पण 'आधी का नाही सांगितलंस' या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. त्याचं उत्तर तिनं द्यायचंच नव्हतं, गावानं द्यायचं होतं.

फ्लेक्स अजून पेठच्या हायवेला आहे. दिशाच्या नावाचा दुसरा कुणी छापला नाही.

मला जपा असं मी म्हणणार नाही. मी आज ना उद्या भंगारात जाणार. पण आज घरी गेलात की आईला विचारा, लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं. ती आधी हसेल. मग म्हणेल, आता त्याचं काय. तुम्ही तिथून हलू नका.