शिवणीवरचा काप

गोदामात आईचं काम एकच होतं: चांगले कोट फाडणं. हो, चांगलेच! न खपलेले, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले, धुण्याचं पाणीसुद्धा न पाहिलेले उबदार कोट तिच्या टेबलावर यायचे आणि ती कटर चालवून त्यांची वाट लावायची. मग ते मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या पेटाऱ्यात. स्वस्तात विकले तर कंपनीचा भाव उतरतो म्हणे, आणि फुकट वाटायचं तर नावच नको. बाहेर थंडीनं माणसं कुडकुडत होती, ती कुडकुडेनात का!

गोदामाचे साहेब म्हणजे एकेकाळचा ‘दाढी’, याच नावानं त्याला हाक मारायचे. हसू नका, खरंच. तरुणपणी आईनं घर सोडलं होतं आणि पाचसहा जणांनी मिळून एक पडकं घर धरलं होतं. चूल एक, कपड्यांची पेटी एक, आणि दारावर रंगानं लिहिलेलं: ‘लागेल ते घ्या.’ ती अक्षरं दाढीनंच काढली होती. आईला तेव्हा सगळे झिपरी म्हणायचे. लोकांनी टाकलेले कपडे ती उसवायची, नव्यानं शिवायची आणि येईल त्याला द्यायची. पुढे एकाला लग्न आठवलं, एकाला बापाचं दुकान आठवलं, आणि घर उठलं. दाढीनं दाढी काढली. आईला नोकरी लावली, कंपनीची खोली मिळवून दिली. उपकार होते त्याचे, नाही कोण म्हणतंय?

आणि आता तिची ही मुलगी! चांगली ऑफिसातली नोकरी सोडून मैत्रिणींबरोबर त्याच मागच्या गल्लीत टेबल टाकून बसली होती. पेटाऱ्यातले फाडलेले कोट काढायचे, लाल दोऱ्यानं शिवायचे, शिवण दिसेल अशी शिवायची, आणि वाटून टाकायचे. टेबलावर पुठ्ठा: ‘लागेल ते घ्या.’

"हे आम्ही करून बसलोय," जेवताना आई फणकारली. "आमच्या दारावर अगदी हेच लिहिलं होतं. नवं काय दिवे लावताय तुम्ही?"

मुलीनं मान वर केली. "मग ते पुसलं कोणी?"

आईनं ताट बाजूला सारलं. काय पोरगी आहे! जीभ आहे की कटर?

"आणि एक सांगू?" मुलगी आपल्याच नादात होती. "बरेच कोट पाठीत मधोमध फाडलेले असतात. त्यांचं काही होत नाही. पण काही असे असतात ना, बगलेत, अगदी शिवणीवरून कापलेले. कापडाला धक्का नाही. घातले चार टाके की कोट तयार. आत कोणीतरी आपलं माणूस आहे, आई."

आई उठून भांडी घासायला लागली. शिवणीवरून! बाकीच्या टेबलांवर सगळे पाठीतच कापायचे; बगलेत कटर घालणारी ती एकटीच. तिला देवाशपथ ठाऊक नव्हतं. मन केव्हाच गप्प बसलं होतं, पण हातानं कोणाला विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं तो आपला कापडाला धक्का न लावता शिवण शोधत फिरत होता, त्या पडक्या घरात शिकल्यासारखा. तिला आधी हसू आलं, मग घाम फुटला.

घाम फुटायला कारण होतं. लाल शिवणीच्या कोटांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले होते आणि वरच्या ऑफिसचा पारा चढला होता. दुसऱ्याच सकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर तसला एक कोट पसरलेला.

"झिपरे, हा कापणारा हात मी ओळखतो," साहेब हळूच म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी त्या नावानं हाक मारली, आणि तीही धमकी द्यायला. "वरच्यांना अजून कळलेलं नाही. मी निस्तरतो. पण आता माझ्याबरोबर चल, आणि त्या पोरींसमोर ते कोट तुझ्या हातानं काप. मधोमध. आई कापतेय म्हटल्यावर त्या काय करणार? नाहीतर नोकरी गेली, खोलीही गेली. या वयात कुठे जाशील?"

"ते पेटाऱ्यातले कोट आहेत. टाकलेले."

"टाकलेलेही आपलेच असतात."

आईनं कटर उचलला आणि निघाली. रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. साहेबांचा आलाच, पण जास्त स्वतःचा आला.

गल्लीत रांग होती. म्हातारे होते, कडेवर पोर घेतलेली बाई होती. आईच्या हातात कटर आणि मागे साहेब पाहिल्यावर मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. पण पठ्ठी हलली नाही. टेबलावरच्या कोटावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"हात काढ," आई म्हणाली.

"नाही काढणार."

"काढ म्हणते ना!"

आईनं कोट ओढून घेतला आणि बगलेत कटर घातला. सरसर सगळी लाल शिवण उसवून टाकली. रांगेतली बाई "अगं बाई!" म्हणून ओरडली. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

"याला शिवण म्हणतात?" आई कडाडली. "हात वर केला की फाटेल! दुहेरी टाका घाल, आतून पट्टी घाल. थंडी काय तुझी मावशी लागते, दया करायला? सुई आण इकडे."

क्षणभर कोणाला काही उमजेना. मग मुलीनं सुई पुढे केली.

"झिपरे, विचार कर," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागेल."

"सोडते की. घर सोडायची सवय आहे मला." तिनं दोरा ओवला, कंपनीचा बिल्ला छातीवरून उसवला, अर्थात शिवणीवरून, आणि त्यांच्या हातात ठेवला. मग त्यांच्या बाहीकडे पाहिलं. "दाढी, तुझंही अस्तर लोंबतंय. शिवून हवं असेल तर रांगेत उभा राहा. मध्ये घुसायचं नाही."