निळोबाचं विष

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याएवढा, शाईत बुडवून काढल्यासारखा निळा आणि पाठीवर काळे ठिपके असलेला मी एक बेडूक आहे. वयाने आता आजोबा. माझं खरं नाव लांबलचक आणि परदेशी आहे. ते आमच्या कॉलनीत कुणालाच उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे मला निळोबा म्हणतात.

माझे पूर्वज सातासमुद्रापलीकडच्या जंगलातले. आमच्या भाऊबंदांचं विष बाणाच्या टोकाला लावून तिथले लोक शिकार करत. मी मात्र मुंबईत एका माणसाच्या पोटमाळ्यावर, काचेच्या पेटीत जन्मलो. जंगल मी पाहिलेलं नाही. मुंबईहून भोकं पाडलेल्या डब्यात बसून मी नाशिकला आलो, तो पंचवटीत प्रफुल्लच्या घरी.

प्रफुल्ल कारखान्यात सुपरवायझर होता. शेजाऱ्यांकडे कुत्री होती, पोपट होते, एकाकडे कासवसुद्धा होतं. प्रफुल्लला कुणाकडेच नसलेलं काहीतरी हवं होतं. पाहुणे आले की तो पेटीवरचा दिवा लावायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, "हा एकटा दहा माणसं मारू शकतो. आणि याच्यावर औषध नाही." पाहुणे दोन पावलं मागे सरकायचे. प्रफुल्लची उंची तेवढीच वाढायची.

खरी गोष्ट वेगळी होती. आमचं विष आमच्या जंगलातल्या मुंग्या आणि किडे खाऊन तयार होतं. मी जन्मापासून केळ्यावरच्या बारीक माश्या खात आलो. त्यामुळे माझ्यात विष थेंबभरही नव्हतं. हे प्रफुल्लने पुस्तकात वाचलं होतं. पण पाहुण्यांना मागे सरकताना बघण्यात जी मजा आहे ती पुस्तकात नसते.

माझं खाणंपिणं त्याच्या आई, वत्सलाबाई, बघायच्या. माझ्यासाठी त्या बरणीत केळी कुजवून माश्या पैदा करायच्या. बाकी घरांत माश्या मारतात, आमच्या घरात जपल्या जायच्या. त्या काळी दिवसातून कित्येक तास वीज जायची. पेटी तापली की मी जगणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वीज गेली की त्या ओलं गोणपाट पेटीवर टाकायच्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसायच्या. मला हात मात्र त्यांनी कधी लावला नाही. पेटी साफ करताना त्या मला चहाच्या गाळण्यात उचलायच्या. प्रफुल्ल तर गाळण्यालाही शिवत नसे.

एका वर्षी जुलै निम्मा सरला तरी पाऊस नव्हता. नळाला पाणी नव्हतं, टँकरवर भांडणं होत होती. पलीकडच्या घरात देवळ्याकडच्या चांगुणाबाई राहायच्या. त्यांनी धोंडी काढायचं ठरवलं. धोंडी म्हणजे बेडूक कडुनिंबाच्या पाल्यात बांधून मुसळाला अडकवायचा, दारोदार न्यायचा, आणि घरोघरच्या बायांनी त्याच्यावर पाणी ओतून पाऊस मागायचा. पाऊस नसल्यामुळे गावचे बेडूक गायब होते. मग चांगुणाबाईंना मी आठवलो.

"वत्सलाताई, तासभर द्या तुमचा बेंडूक."

"अहो, विषारी आहे तो."

"मी कुठं मुका घेते त्याचा? पुरचुंडीत घालते न् मुसळाला बांधते." मग त्यांनी पेटीत डोकावलं. "अगंबाई, एवढुसा? याच्याच्यानं पाऊस येईल का शिंतोडे?"

प्रफुल्ल कामावर होता. वत्सलाबाईंनाही पाऊस हवाच होता. त्यांनी मला गाळण्यात उचललं आणि पुरचुंडीत सोडलं.

पहिल्या घरी पाणी ओतलं, दुसऱ्या घरी ओतलं. मी गुदमरत होतो. तिसऱ्या घरी गाठ सैल झाली. मी जीव घेऊन उडी मारली, ती थेट चांगुणाबाईंच्या मनगटावर.

किंकाळी अशी आली की पाणी ओतणारीच्या हातातला तांब्या सुटला. मी जमिनीवर पडलो आणि कुणीतरी माझ्यावर लोखंडी बादली पालथी घातली.

मित्रांनो, यापुढचं सगळं मी बादलीच्या अंधारात ऐकलं. बाहेर ऊन होतं. बादली तव्यासारखी तापू लागली.

"जीभ जड झाली गं माझी," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांना ओट्यावर आडवं केलं. एकीने दहा माणसांची गोष्ट काढली, दुसरीने औषध नसल्याची. नाशकातल्या द्वारका चौकात रिक्षा चालवणारा त्यांचा मुलगा दत्तू धावत आला. मुसळ उचलल्याचा आवाज मी ओळखला.

"आईला काय झालं तर बघा. पहिला याचा चेंदा करतो."

तेवढ्यात कामावरून सुटलेल्या प्रफुल्लची स्कूटर थांबली.

"प्रफुल्लशेठ, औषध सांगा लवकर! का खरंच नाय औषध?" दत्तू ओरडला.

प्रफुल्ल स्कूटरचं स्टँड पुन्हा पुन्हा लावत असल्याचं मला ऐकू आलं. माझी कातडी ओढल्यासारखी होऊ लागली होती. त्याने आणखी थोडा वेळ काढला असता, तर मुसळाची गरजच उरली नसती.

"दत्तू, तो विषारी नाही," तो शेवटी म्हणाला.

"चार वर्षं विषारी होता, न् मुसळ बघून बिनविषारी झाला?"

"मी उगाच सांगायचो. विष जंगलातल्या किड्यांमुळे येतं. हा केळ्यावरच्या माश्या खातो."

"मंग माझी जीभ का जड झाली?" ओट्यावरून चांगुणाबाईंनी विचारलं.

"सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला तुम्ही. उपास ना धोंडीचा?" वत्सलाबाई म्हणाल्या.

पण दत्तू ऐकेना. "एवढी खात्री आहे ना? मग धर हातात."

कुणीतरी बादली उचलली. डोळे दिपवणाऱ्या उजेडात मला प्रफुल्लचा हात दिसला. वाचलेल्या पुस्तकावर बोट ठेवणं सोपं असतं. बेडकावर ठेवताना माणसाला आधी आई आठवते. त्याने आईकडे बघितलं, डोळे मिटले आणि मला तळहातावर घेतलं.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला फेस आला नाही, तो कोसळला नाही. दत्तूने मुसळ खाली ठेवलं. चांगुणाबाई उठून बसल्या आणि चहा मागितला.

माझी हकिकत कुणी विचारली नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. त्या तळहातावर घाम होता, स्कूटरचं तेल होतं, डोकेदुखीचा बाम होता. ते सगळं मी प्यालो. माझे मागचे पाय ताठ झाले. वत्सलाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी गार केलेल्या पाण्यात मला पुन्हा पुन्हा बुडवलं, तेव्हा कुठे वाचलो. डावा पाय मात्र तेव्हापासून ओढत चालतो.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतली मुलं दारात जमली. आता मला कुणी घाबरत नव्हतं. "विषारी नाही ना काका? मग द्या ना हातावर!"

प्रफुल्ल पेटीसमोर आडवा उभा राहिला. "हात नाही लावायचा."

"का?"

"त्याच्यामुळे आपल्याला काही होत नाही. आपल्यामुळे त्याला होतं."

माझ्याविषयी त्याने चारचौघांत सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य. ऐकून कुणीही मागे सरकलं नाही. मुलं हिरमुसून घरी गेली आणि प्रफुल्लने पेटीवर ओलं गोणपाट स्वतः टाकलं.

तेव्हा मित्रांनो, मिरवायला म्हणून माझ्यासारख्याला घरी आणू नका. माझी जात ज्या जंगलात शोभते तिथेच तिला राहू द्या. आणि कुणी आधीच आणलं असेल, तर त्याच्या घरी जरूर बघायला जा. फक्त हात पाठीमागे बांधून उभे राहा.