शेवंतीचं नाणं

सुशीलला कंपनीने तीन महिने चीनमध्ये दालियनला पाठवलं होतं. टोकियोला परतताना त्याने तिथली मूठभर चिल्लर आणली आणि बायकोला, नेत्राला, समोर बसवून शिकवली. शेवंतीचं फूल असलेलं नाणं एक युआनचं, कमळाचं पिवळं पाच जिआओचं. दहा जिआओंचा एक युआन. "पण बाजारात युआन कुणी म्हणत नाही गं, क्वाय म्हणतात. जिआओला माओ." नेत्राला चिनी येत होती ती एवढीच.

२००६च्या मार्चमधली गोष्ट. बेंटोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यातली पार्ट-टाइम पाळी संपवून दुपारी तीनला ती निशी-कसाई स्टेशनवर उतरली. तिकिटाच्या मशीनपाशी एक म्हातारी एकच नाणं पुन्हा पुन्हा आत सरकवत होती आणि मशीन ते खळ्ळकन बाहेर टाकत होतं. मागे रांग मुकाट उभी. नेत्राने नाण्यावरची शेवंती पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ई क्वाय!" एक युआन.

म्हातारीने तिचं मनगटच धरलं. आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं असं वाटून ती रडत, हातवारे करत बोलत सुटली. नेत्राच्या कानाला एकच शब्द पुन्हा पुन्हा लागत होता, "हंगबिन, हंगबिन." तिकीट काढून द्यायला नेत्राने पर्स उघडली, पण काढायचं कुठलं? शेवटी ती म्हातारीला कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत घेऊन गेली.

"त्या काय म्हणतायत?" तरुण पोलिसाने विचारलं. "तुम्हाला चिनी येते ना?"

"मला फक्त नाण्यांची नावं येतात," नेत्रा ओशाळून म्हणाली.

त्याने कागदावर कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, लिहून दाखवली, पण म्हातारीला अक्षरओळख नव्हती. हंगबिन हे तिच्या मुलाचं नाव असावं, असं दोघांनी ठरवलं. पोलिसाने तसं लिहूनही घेतलं.

पावणेपाचला फोनवर दुभाषी मिळाला. ऐकता ऐकता पोलिसाचा चेहरा उतरला.

"योकोहामा," तो हळूच म्हणाला. "चिनीत योकोहामाला हंगबिन म्हणतात. मुलगा तिथे बांधकामावर आहे, परांचीवरून पडलाय. पाचला ऑपरेशन आहे. त्याआधी त्याला भेटायचं म्हणून ह्या बाई घरातून धावत निघाल्या."

योकोहामा जेमतेम तासाभराच्या अंतरावर. तीन वाजताच कळलं असतं तर नेत्रा स्वतः तिला पोचवून आली असती. आता पोलिसांनी गाडी काढली. बसताना म्हातारीने नेत्राचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि काहीतरी म्हटलं. नेत्रा नुसती वाकली.

चार दिवसांनी ती चौकीत गेली. पोलीस उठून उभा राहिला.

"सहा वाजून गेल्यावर पोचल्या. आत नेईपर्यंत तो आईला विचारत होता म्हणे. नंतर शुद्धीवर आलाच नाही." मग तो म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार होतात?"

त्या संध्याकाळी नेत्राने सुशीलला सगळं सांगितलं.

"हंगबिन म्हणजे योकोहामा, तुला माहीत होतं?"

"नाही गं," सुशील म्हणाला आणि तिच्याजवळ येऊन बसला. स्वयंपाक तसाच राहिला.