मास्क वापरल्यास

तान्ह्या लेकीला खांद्यावर टाकून डॉक्टर अपेक्षा रोह्याला महिपती सरांच्या दवाखान्यात शिरली, तशी सरांच्या कपाळावर आठी चढली.

"पोर घेऊन आलीस. म्हणजे मी आवाज चढवायचा नाय, असंच ना?"

"घरी ठेवायला कोण नाय सर. जाऊबाई कारखान्यात रंग मारतायत."

पेणला गणपतींच्या कारखान्यांत फवाऱ्याने रंग मारणाऱ्या बायकांची छाती दोघांनी मिळून तपासली होती. खोकला, धाप, रात्री बसून काढायची झोप, सगळं अपेक्षानं विचारून विचारून टिपलेलं. वैद्यकीय नियतकालिकानं लेख घेतलाही. आणि काल सरांनी लेखाच्या शेवटी एक वाक्य घुसडलं होतं : मास्क वापरल्यास काळजीचे कारण नाही.

"मास्क वापरला कुणी, सर? रंगाच्या कंपनीनं वाटले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बायका त्यातून रंग गाळत होत्या."

"तो त्यांचा अडाणीपणा. रंगाचा काय दोष?"

"त्याच कंपनीचे तुम्ही सल्लागार आहात. आणि लेखाच्या अर्जात हितसंबंध विचारले तिथं 'काही नाही' लिहिलंत."

सर हसले. "आणि तुझ्या सासरचा कारखाना, गो? तो लिहिलास? सख्ख्या जावेला तपासलंस तू. माझं झाकण काढशील तर तुझंही निघेल."

खोटं नव्हतं ते. घराचं नाव कुठं छापून आलं तर उंबऱ्याबाहेर काढीन, असं दिरानं बजावलं होतं, आणि तिनं ते गाळलं होतं. लेक चुळबुळली. ओढणी ओढून ती तिथंच पाजायला बसली. सरांनी तोंड फिरवलं. लेकीचा श्वास कसा, पाण्यावरून नाव जावी तसा. घरी हिचा पाळणा हलवताना वैशाली जाऊचं गाणं मात्र अर्ध्यात तुटायचं. खोकला सरला की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

"दोन्ही लिहिते," ती म्हणाली. "आधी माझं."

"मग माझं नाव काढ."

"तपासलं दोघांनी. नाव राहील, वाक्य जाईल. नाय पटलं तर तुम्ही संपादकांना कळवा. मी कळवणारच आहे."

"ह्या जिल्ह्यात तुला कोण उभं करतं, ते बघतोच मी."

"बघा."

परतीच्या गाडीत, कासू स्टेशनच्या आसपास, लेकीला मांडीवर थोपटत तिनं फोनवरून संपादकांना सगळं धाडून दिलं. घरी पोचल्यावर दिराला स्वतःच सांगितलं. नवरा नागोठण्याला शिफ्टवर. दिरानं पाळणा उचलला, अंगणात नेऊन ठेवला आणि ती मागोमाग बाहेर येताच आत जाऊन कडी लावली.

लेकीला कडेवर घेऊन ती एका हातानं पाळणा मागच्या दाराकडे ओढू लागली. त्या दारानं वैशाली बाहेर आली, हाताला सोनेरी रंग तसाच.

"माझं नाव टाकलंस?"

"नाय. 'जाऊ' एवढंच लिहिलं."

"अख्ख्या गावाला ठाऊक हाय तुझी जाऊ कोण ती." ती ओणवी झाली. "एका हातानं व्हायचं नाय तुला. धर तिकडून."

चार पावलांवर वैशालीला उबळ आली. पाळणा खाली ठेवला. खोकला थांबला, तसा तिनं पुन्हा उचलला.