एक पायरी खाली

बाबांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि घरात त्यांच्या इंग्रजीचा एकच नियम होता. आजारपण कळवायचं ते एक पायरी खाली उतरवून. मावशीला अर्धांगवायू झाला तेव्हा सगळ्यांना 'टायर्ड' असं कळवलं होतं. माझं अपेंडिक्स फुटलं ते 'अपसेट स्टमक'. हे आम्हाला पाठ होतं. बाबांचा शब्द आला की आपण मनात एक पायरी चढायची आणि बॅग भरायला घ्यायची. आम्ही त्यावरून त्यांची टर उडवायचो.

आईला अतिदक्षता विभागात नेलं तेव्हा दादा जहाजावर होता, इंजिनरूममध्ये कामाला. त्याला निरोप द्यायचा तर जहाजाच्या पत्त्यावर मेल करावा लागे. आईला नळीमुळे बोलता येत नव्हतं. तिने हात उंच करून दाखवला. घरात एवढा उंच एकटा दादाच. त्याला बोलवा, म्हणत होती.

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी 'क्रिटिकल' टाइप केलं. बाबांनी मान हलवली. म्हणाले, तसं लिहिणं म्हणजे आपणच हात टेकल्यासारखं होतं. मग मी 'सीरियस' म्हटलं, तर त्यावरही तोंड वाकडं. 'सिक' त्यांना उघडंवाघडं वाटत होतं, 'इल' कोरडं. आत आई तशी पडलेली आणि हा माणूस शब्दांचा कीस काढत बसला होता. मला रडू येत होतं आणि रागही.

"अनवेल लिही," ते म्हणाले. "त्याला बरोबर कळेल."

कळलंच. दादाने लगेच बॅग भरली. पण जहाजावर आलेला मेल आधी कॅप्टन वाचतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. बंदर जवळच होतं, दादाला तिथं उतरवता आलं असतं. कॅप्टनने विचारलं की आईला जरा बरं नाही, तर एवढी घाई कशाला? दादाने त्याला आमच्या घरची रीत समजावून सांगितली. तो हसलाही नाही म्हणे. जे लिहिलंय त्यावरच मला ठरवावं लागतं, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून दादाचा फोन आला आणि मी तडक 'क्रिटिकल' पाठवलं. तोवर बंदर मागे पडलं होतं.

आई त्याच दिवशी उन्हं कलताना गेली. शेवटचं तिने पुन्हा हात उचलायला पाहिलं, पण तो चादरीच्या वर आला नाही.

त्याच बाकड्यावर मी पुन्हा फोन काढला. 'पास्ड अवे' लिहू का, असं बाबांना विचारलं. शेजारीपाजारी कुणी गेलं की ते हेच लिहायचे. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"डाइड लिही," ते म्हणाले. "कॅप्टनला कळेल असं."