उपमुख्यमंत्र्यांचा माणूस

पहिला दगड गाडीच्या बॉनेटवर आदळला, तसे मागच्या सीटवरून साहेब म्हणाले, "अच्युत, गाड़ी रुकवाओ. मैं उतरता हूँ."

अच्युत पात्रीकर उपमुख्यमंत्र्यांचा स्वीय सहायक. तो ड्रायव्हरशेजारी बसला होता. समोर भोपाळमधल्या सोनागिरीचा बाजार होता. कारखान्याच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुमट्यांची, म्हणजे लाकडी टपऱ्यांची रांग, तिच्यापुढे बुलडोझर, आणि मध्ये काठ्या घेतलेले पोलीस. गर्दीतले बरेच चेहरे त्याच्या ओळखीचे होते. त्याची बायको कमलिनी वसाहतीच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे त्याचं बिऱ्हाड इथल्याच क्वार्टरमध्ये होतं. आदल्या दिवशी सायकलवाल्या मधुकरला त्यानेच सांगितलं होतं, "सामान हलवू नकोस. साहेब स्वतः येतायत."

"पण पाडायचा हुकूम मुख्यमंत्र्यांचा असंल तर, अच्युतभाऊ?" मधुकरने विचारलं होतं.

"उपमुख्यमंत्री म्हणजे काय लहान माणूस आहे का रे?"

खरं काय ते अच्युतला ठाऊक होतं. राज्यांची फेररचना झाली आणि वडील नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून घरात सरकारचीच बोली चालायची. हे पद घटनेत नाही. शपथ घ्यायची ती मंत्र्याचीच. कुठला तरी गट रुसला की खुर्ची तयार होते, गट फुटला की मोडते. मग वर्षानुवर्षं कोणाला तिची आठवणही होत नाही. अधिकार तेवढाच, जेवढी खाती मुख्यमंत्री देतील. साहेबांकडे पशुपालन होतं. पण लाल दिव्याच्या गाडीतून रोज हिंडणाऱ्याला हे विसरायला वेळ लागत नाही.

साहेब खरंच उतरले. एका उलट्या खोक्यावर उभे राहून त्यांनी हात वर केला. "मेरे होते हुए एक भी गुमटी नहीं टूटेगी. बैठ जाइए सब."

लोक बसले. मधुकर सगळ्यात पुढे, आपल्या गुमटीच्या फळीला टेकून.

साहेबांनी पोलीस अधिकाऱ्याला जवळ बोलावलं. "फोर्स हटाइए."

"सर, आदेश ऊपर से हैं."

"ऊपर मैं नहीं हूँ?"

अधिकाऱ्याने कडक सलाम ठोकला. मग पाठ फिरवून त्याने बुलडोझरला हाताने इशारा केला.

बुलडोझर हलला तशी माणसं उठायला लागली, पण बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. पहिल्या काठ्या पाठींवर पडल्या. मधुकर फळीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. एका काठीने त्याचं मनगट मोडलं. दुसरी कानाच्या वर बसली. तो गुडघ्यांवर आला, तरी तिसरी पडलीच. फळ्या कडाकडा मोडल्या. सायकलींची चाकं रस्त्यावर गडगडत गेली.

"बिठाके मरवाया हमको!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा जमाव साहेबांवर चालून आला. अंगरक्षकांनी त्यांना उचलून गाडीत कोंबलं. गाडी निघाली. अच्युत मागे राहिला. तो मधुकरच्या डोक्याला रुमाल दाबून बसला होता.

"ये उसी का बाबू है."

लोखंडी सळई खांद्यावर बसली. मग बरगड्यांवर लाथा. त्याने मधुकरच्या अंगावर ओणवं होऊन डोळे मिटले. तोंडात रक्ताची चव आली. कितीतरी वेळाने वरून सिंधूचा, मधुकरच्या बायकोचा आवाज आला. "छोड़ो उसको. मेरा आदमी नीचे दबा है, दिखता नहीं?"

हात थांबले.

वसाहतीच्या इस्पितळात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या. संध्याकाळी साहेब आले, ते अच्युतच्या उशाशी बसले. त्यांच्या कुडत्यावर बाजारातली धूळ तशीच होती.

"सर, पहले उनसे मिलिए," अच्युत म्हणाला.

"क्या कहूँ उससे?"

"यही, कि रोकना आपके हाथ में नहीं था."

 साहेब उठून पलीकडच्या खाटेपाशी गेले. काय बोलले ते अच्युतला ऐकू आलं नाही. मधुकरच्या कानापर्यंत काही पोचलं की नाही, तेही कळलं नाही. पहाटे तो गेला.

सिंधू पांढऱ्या चादरीकडे बघत अच्युतला म्हणाली, "सामान हलवायला ते तयार होते, भाऊजी."

"हो," अच्युत म्हणाला. "मीच नको म्हटलं."

तिने मान हलवली. 

तेराव्याच्या दिवशी तिच्या दारापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. अच्युत दुखरा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत ठेवून भिंतीला टेकून बसला होता. रिक्षातून साहेब एकटेच उतरले. मंत्रिमंडळ बदललं होतं, उपमुख्यमंत्री आता कोणीच नव्हतं. पंगतीतल्यांनी त्यांना ओळखलं. पण कोणी उठलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. अच्युत थोडा सरकला. साहेब चप्पल काढून त्याच्या शेजारी मांडी घालून बसले.

कमलिनीने पत्रावळ मांडली. वरण, भात, भाजी, सगळ्यांसारखंच वाढलं.

सिंधू दारात येऊन उभी राहिली. "खाना खाके जाइए," ती म्हणाली, आणि आत गेली.

साहेबांनी मान खाली घालून पहिला घास घेतला.